दोन भाऊ: एक पानिपतचा, एक धक्क्याचा

दर वर्षी १४ जानेवारीला पानिपतजवळ काला अंबच्या स्मारकापाशी मराठी माणसं जमतात. महाराष्ट्रातून गाड्या भरून येतात, दिल्ली, गुरुग्राम, नोएडाकडची कुटुंबं डबे बांधून येतात. १७६१ च्या लढाईत तिथे पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव निघतं, रक्तानं काळवंडलेल्या आंब्याची गोष्ट पुढच्या पिढीला सांगितली जाते. राजधानीच्या आसमंतात राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की आधी पानिपत आठवतं, आणि त्यात गैर काहीच नाही. तरीही इथून निघणारा यंदाचा दिवाळी अंक समुद्राला वाहिलेला आहे, आणि त्यातही मुंबई बंदराला.

कारण पानिपतच्या पाच वर्षं आधीची एक तारीख. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूला पुण्याचं पेशवे सरकारच होतं. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हता, त्याचा काटा काढायचा होता. काटा निघाला, पण ज्या गुराबांना आणि गलबतांना मुंबईकर इंग्रज कान्होजी आंग्र्यांच्या काळापासून वचकून होते, तीही त्याच आगीत संपली. पानिपतावर मराठीत किती लिहिलं गेलं याला गणती नाही. विजयदुर्गच्या त्या आगीबद्दल हळहळणारा लेखक मात्र शोधावा लागतो.

मुंबई तेव्हा मराठ्यांच्या किती जवळ होती हे नकाशावर पाहण्यासारखं आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, साष्टीही हाती आली. उत्तरेला माहीमची खाडी ओलांडली की मराठी मुलूख, दक्षिणेला कुलाब्याचे आंग्रे. बंदराच्या तोंडाशी खांदेरी, जिथे शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून किल्ला उभारला होता. ईस्ट इंडिया कंपनीनं घाईघाईनं वसईला वकील पाठवून तह केला. मुंबई राहिली ती राहिलीच. उलट १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टी कायमची गेली. अटकेपार पोहोचलेल्या सत्तेला दाराशी असलेल्या बंदराचं मोल कळलं नाही, असं म्हणणं थोडं कठोर आहे. पण ते म्हटलं पाहिजे.

ते मोल दुसऱ्यांना कळलं होतं. पानिपतच्या शंभर वर्षं आधी, १६६१ मध्ये, पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला देऊ केली गेली. त्यानं ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं इथे जहाजं बांधली, तीही सागवानाची. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

आणि मग दुसरे भाऊ. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोकांच्या तोंडी भाऊ रसूल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून गलबतानं येणाऱ्या माणसाला मुंबईत धड पाय टेकायला जागा नव्हती. चिखल तुडवत किनारा गाठावा लागे. भाऊंनी भराव घालून धक्का बांधला. त्यांच्या नावानं कुठे मिरवणूक निघत नाही, पण रेवस-मोऱ्याला जाणारा उतारू आणि मासळीचा लिलाव करणारी कोळीण रोज ‘भाऊचा धक्का’ म्हणतात. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणात ती तारीख अजून सांगितली जाते.

बंदरानं मुंबईच्या पूर्व अंगाला वस्त्या जन्माला घातल्या. मांडवीत धान्य आणि मसाल्याच्या वखारी. १८९६ च्या प्लेगचे पहिले रोगी तिथलेच. मशीद बंदराजवळ सॅम्युअल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेलं सिनेगॉग, घरी मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींचं. दारुखान्यात जुनी जहाजं तोडायची, कॉटन ग्रीनला कापसाच्या गासड्या रचायच्या, शिवडीच्या चिखलात थंडीत रोहित पक्षी उतरायचे. पश्चिमेचा मरीन ड्राइव्ह सिनेमावाल्यांनी गाजवला, पण शहराचं पोट भरलं ते या धुळकट बाजूनं.

अमेरिकेत यादवी पेटली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर आला, आणि युद्ध थांबताच ओसरला. सावरायला १८६९ चा सुएझ कालवा कामी आला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. गोदीत माल उचलायला माणसं आली ती कोकणातून आणि घाटावरून, साताऱ्या-जुन्नरकडून. वखारींतल्या आणि बाजारांतल्या त्यांच्या भाईबंदांना कायद्याचं छत्र मिळायला १९६९ उजाडलं. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला माथाडी कायदा तो. त्याआधी १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’चा स्फोट झाला होता. एकाच जहाजात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा ठेवण्याची अक्कल कोणाची, हा प्रश्न आजही पडतो. ६६ अग्निशामक जवान त्यात गेले.

हातातला हा अंकसुद्धा त्या बंदराचा ऋणी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, ती मुंबईतच. छापखाने, जाहिराती देणारे व्यापारी, चाळीत दिव्याखाली वाचणारा कारकून आणि वाचनालयं, हे सारं एकत्र सापडायला बंदराचं शहरच लागत होतं. गोविंद नारायण माडगावकरांनी तर १८६३ मध्येच ‘मुंबईचे वर्णन’ लिहून ठेवलं होतं.

आता कंटेनरांची ये-जा जुन्या गोद्यांतून पलीकडच्या न्हावाशेव्याला गेली आहे. तिथलं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आणि पानिपतही बंदरापासून दूर राहिलेलं नाही. जगभर टाकून दिलेले लोकरी कपडे कंटेनरांतून गुजरातच्या बंदरांत उतरतात, पानिपतला येऊन पिंजले जातात, त्यांचं सूत आणि घोंगड्या-ब्लँकेटं होतात. युद्धभूमीच्या या गावात आज हजारो हातांना काम आहे ते समुद्रावरून आलेल्या या चिंध्यांमुळे.

पुढचं बंदर पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवणला होऊ घातलं आहे. तिथला पहिला प्रस्ताव डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानं १९९८ मध्ये फेटाळला होता. त्याच प्राधिकरणानं २०२३ मध्ये परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ७६,२२० कोटींची योजना मंजूर केली, ऑगस्टअखेर पायाभरणीही झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मात्र जुनाच आहे: भराव पडला की जाळी टाकायची कुठे? मुंबईतले कोळीवाडे कसे आक्रसत गेले हे त्यांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे या अंकात बंदराचं कौतुक आहे तसंच वाढवणच्या कोळ्यांचं म्हणणंही आहे, आणि ते शेवटच्या पानांत ढकललेलं नाही.