पश्चात्तापाला वैराग्य म्हणू नका



परवा प्रवचन सुटल्यावर मंदिराच्या पायरीवर एक मैत्रीण मला म्हणाली, “वहिनी, नवी गाडी दारात येऊन तीन आठवडे झाले, पण आत बसवत नाही. बघितली की पोटात कालवतं. मला वैराग्य आलंय बहुतेक.” मी म्हटलं, “वैराग्य नाही हो, पहिला हप्ता आलाय.” तिला राग आला. येऊ दे. पण हे एकीचं दुखणं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोरच बोलते.

चार वर्षांपूर्वी मीही याच पायरीवर होते. आमची जुनी छोटी गाडी नीट चालत होती. मुलाचं लग्न ठरलं, व्याह्यांच्या दारात मोठी गाडी दिसली आणि आमच्या ह्यांच्या मनानं घेतलं. शिखरजीच्या यात्रेसाठी ठेवलेली ठेव मोडली, वर आठ लाखांचं कर्ज काढलं. लग्न झालं, पाहुणे गेले, गाडी अंगणात राहिली. मी रात्री छताकडे बघत हिशोब करायची आणि दिवसा बायकांत सांगायची, “ह्यांनी घेतली, मला कुठं हौस?”

खोटं होतं ते. आपल्या धर्मात दोष तीन वाटांनी लागतो: कृत, कारित आणि अनुमोदना. शोरूममध्ये हिरवी पैठणी नेसून कोण गेलं होतं? बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक कोणी काढलं? चाकाखाली लिंबू ठेवताना कोण हसत होतं? फोटो माहेरच्या ग्रुपवर कोणी टाकला? मीच. सही ह्यांची असली तरी अनुमोदना माझी होती. “आम्हाला कोण विचारतं” हे कित्येक घरांत खरं आहे, मान्य. पण विचारलं नाही म्हणून गप्प बसणं वेगळं आणि मनातून सुखावून गप्प बसणं वेगळं. मी दुसऱ्या प्रकारची गप्प होते.

आता त्या ‘वैराग्या’बद्दल. वैराग्यात वस्तूवरचं मन उठतं. आपलं मन तर गाडीला जास्तच चिकटलेलं असतं! दोन महिने थांबलो असतो तर सूट मिळाली असती, दुसरा रंग घेतला असता, शेजारणीची स्वस्तात पडली. याला शास्त्रात स्वच्छ नाव आहे, आर्तध्यान. पैसे गेले म्हणून झुरणं हा इष्टवियोग, नको असलेली वस्तू समोर उभी म्हणून कुढणं हा अनिष्टसंयोग. उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूवर नाही, मूर्च्छेवर केली आहे. गाडीच्या हौसेत मूर्च्छा आहे, तशी गाडीच्या दुःखातही आहे. माझ्या परिग्रह-परिमाणाच्या वहीत ‘वाहन एकच’ असं लिहिलं होतं. जुनी देऊन नवी घेतली, संख्या पाळली आणि स्वतःची समजूत घातली. व्रताला अशी पळवाट काढणारी मी एकटी नसेन.

काही जणी मंदिरात अकरा हजारांची पावती फाडून मोकळ्या होतात. दान करा, जरूर करा. पण मनाची टोचणी बंद करायला दिलेले पैसे म्हणजे दंड भरून चूक विसरणं.

मग करायचं काय? प्रायश्चित्ताच्या प्रकारांत आलोचना, प्रतिक्रमण आणि विवेक आहेत. त्याच क्रमानं घ्या.

आलोचना म्हणजे दोष न लपवता सांगणं. आधी घरात सांगा, “चूक आपल्या दोघांची आहे.” प्रतिक्रमण म्हणजे परत फिरणं. पुढच्या मोठ्या खरेदीआधी काय करायचं ते आजच ठरवा. आमच्याकडे आता नियम आहे: एक महिना थांबायचं आणि दोघांनी हिशोब लिहायचा.

विवेक म्हणजे वेगळं करणं, सोडणं. पण तिथं वही काढा. सहा महिने उलटले की विम्यात गाडीची किंमत नव्याच्या 15 टक्क्यांनी खाली धरतात. आपल्या महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला भरलेला 11 टक्के कर विकताना हातात येत नाही. तेव्हा हप्त्यापायी औषधं किंवा किराणा अडत असेल तरच विका. नुसती टोचणी जावी म्हणून विकू नका, तो दुसरा तोटा. ठेवायची तर कर्ज लवकर फेडा. आठ लाखांवर 9 टक्क्यांनी सात वर्षांत सुमारे 2 लाख 81 हजार व्याज जातं, पाच वर्षांत 1 लाख 96 हजार. गेलेला पैसा कुढून परत येत नाही, हे 85 हजार मात्र वाचवता येतात.

एक गोष्ट मला वाचवता आली नाही. ती शिखरजीची यात्रा सासूबाईंसाठी होती. “पुढच्या वर्षी नेऊ” असं आम्ही त्यांना सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या नव्हत्या. नंतर आम्ही दोघं रेल्वेनं गेलो, पारसनाथला उतरलो. पहाटे डोंगर चढताना ह्यांनी एकदाच म्हटलं, “आईला आणायला हवं होतं.” मी गप्प बसले नाही. म्हटलं, “हो. आपण दोघांनी नाही आणलं.”

मैत्रिणींनो, गाडीसाठी रडू नका. तिच्यापायी काय मागे पडलं ते शोधा आणि ते माणूस अजून घरात असेल तर आजच तिकीट काढा.