पापण्यांच्या काठचे दुखणे

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझे हे दुखणे सुरू झाले. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे. दिवसभर डोळ्यांत वाळू गेल्याप्रमाणे खुपे. औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवसांत लाली ओसरली. आठवड्याने ती परतली, मीही बाटली पुन्हा आणली. असे चार महिने चालले. ज्याने नोकरीत कर्जाचा एकही कागद अटी वाचल्याशिवाय पुढे सरकवला नाही, त्याने त्या बाटलीवरील बारीक अक्षरे एकदाही वाचली नव्हती!

ती नेत्रतज्ज्ञांनी वाचली. थेंबांत स्टेरॉइड होते. त्यांनी तत्काळ डोळ्यांतील दाब मोजला. तो वाढलेला निघाला. असे थेंब देखरेखीविना दीर्घकाळ घातल्यास मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. माझा दाब सुदैवाने उतरला. मात्र त्याला काही आठवडे लागले, आणि ते आठवडे मी कसे काढले हे घरच्यांनाच ठाऊक.

या विकाराला ब्लेफेरायटिस म्हणतात. पापण्यांच्या काठाशी तैलग्रंथींची ओळ असते. त्यांतील तेल अश्रूंवर पातळ थर धरते, म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत. तेल घट्ट होऊन ग्रंथींची तोंडे बुजली की डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. कधी रांजणवाडीही होते. डोक्यात कोंडा असणाऱ्यांना हा त्रास अधिक. तो सहसा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण पुरता जातही नाही. ताब्यात ठेवावा लागतो.

उपाय साधाच आहे. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. निवले की पुन्हा भिजवावे. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी खालच्या दिशेने, खालची वरच्या दिशेने अलगद चोळावी आणि ओल्या कापसाने काठ पुसून घ्यावा. आरंभी दिवसातून दोनदा, पुढे एकदा. गरज वाटल्यास डॉक्टर प्रतिजैविक मलम देतात. बरे वाटू लागले की शेक बंद करण्याचा मोह होतो. मीही केला, आणि पंधरा दिवसांत पापण्या पुन्हा लाल झाल्या. गोदामातील धुळीच्या हातांनी डोळे चोळणे मात्र कटाक्षाने टाळावे.

दृष्टी अंधुक होणे, तीव्र वेदना, उजेड सहन न होणे, किंवा एकाच पापणीवर न बरी होणारी गाठ येऊन तेथील केस गळणे, यांपैकी काही दिसल्यास शेकत न बसता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घरातील जुन्या थेंबांच्या बाटल्याही सोबत न्याव्यात.