अकबराची कबुतरे आणि आपला डार्विन

"डार्विन को माने सो बंदर की औलाद." विजापूर वेशीतल्या चहाच्या टपरीवर हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकले तो तरुण बी. एस्सी. झालेला होता आणि विषय त्याचा प्राणिशास्त्र. भोवतालच्या पाच-सहा जणांनी हसून दाद दिली. मी चहा संपवला आणि गप्प उठून आलो. त्या गप्प बसण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

डार्विनला नाकारण्यात आपण एकटे नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे जाहीर केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहून ठेवलेले नाही, हा त्यांचा पुरावा! टपरीवरच्या आपल्या तरुणाचा युक्तिवाद याहून वेगळा नव्हता. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक अज्ञानाच्या बाबतीत असे गळ्यात गळे घालतात.

२०२३ साली एनसीईआरटीने दोन प्रकरणे कापली. बारावीच्या इतिहासातून मोगल दरबाराचे प्रकरण गेले. दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती गेली. बारावीच्या जीवशास्त्रात ती राहिली, पण जो विद्यार्थी जीवशास्त्र घेणार नाही, त्याची आणि तिची भेटच होणार नाही. मोगल कापले तेव्हा आपण निषेध केला, पत्रके काढली. योग्यच केले. उत्क्रांती कापली तेव्हा देशातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. आपल्याकडून मात्र चकार शब्द निघाला नाही. काहींना तर आतून बरेच वाटले.

आता गंमत ऐका. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण पाळीव प्राण्यांवर आहे आणि त्यात सर्वात जास्त जागा कबुतरांना दिली आहे. त्या पानांत आपला बादशहा अकबर येतो. दरबाराबरोबर वीस हजार कबुतरे असत आणि निरनिराळ्या जातींचा संकर करून बादशहाने त्यांत कमालीची सुधारणा केली, ही अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'तली नोंद डार्विनने साक्षीला घेतली आहे. शाळेच्या पुस्तकांतून कापलेली ही दोन प्रकरणे डार्विनच्या पहिल्या प्रकरणात शेजारी शेजारी बसलेली आहेत. एकासाठी रडायचे आणि दुसऱ्यावर थुंकायचे, हा कुठला न्याय?

डार्विनने स्वतः कबुतरे पाळली. लंडनच्या कबुतरबाजांच्या दोन क्लबांचा तो सभासद झाला. आपल्या नई जिंदगीच्या गच्च्यांवर ज्यांनी बालपण काढले, त्यांना तो काय शोधत होता हे समजावून सांगण्याची गरज नाही. साध्या कबुतराच्या शेपटीत बारा पिसे असतात, लक्क्याच्या शेपटीत तीस-चाळीस. ती एका रात्रीत आली नाहीत. कधी एखाद्या पिलाला एक-दोन पिसे जास्त निघाली, कुणा शौकिनाने ते पिलू राखले, त्याची जोडी तशाच मादीशी लावली. पिढ्यान् पिढ्या हेच. सगळ्या पाळीव कबुतरांचा मूळपुरुष एकच, पारवा, असे डार्विन म्हणाला. २०१३ साली कबुतरांचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तेच निघाले. डोक्यावर तुरा असलेल्या जातींत तो तुरा एका जनुकातल्या बदलामुळे येतो, हेही कळले.

टपरीवरचा तो तरुण कबुतरबाज आहे, हे मला नंतर समजले. मी त्याला विचारले, "जोडी का निवडतोस?" म्हणाला, "नस्ल सुधरती ना, चाचा." मग निसर्गात निवड करणारा शौकीन कोण, एवढाच पुढचा प्रश्न. तिथे शौकीन नसतो. भूक असते, दुष्काळ असतो, रोग असतो, ससाणा असतो. पिलांत थोडाथोडा फरक जन्मतःच असतो आणि तो आई-बापांकडून पोरांकडे जातो. ज्याचा फरक त्या जागी, त्या काळी उपयोगी पडतो त्याची पिले जास्त जगतात. "एवढी कारागिरी योगायोगाने होते काय?" असे वाझमध्ये विचारतात. फरक योगायोगाने पडतो, हे खरे. पण कोण जगेल हे योगायोगावर नसते. या दोन गोष्टींची सरमिसळ करूनच डार्विनची टिंगल होते.

आणि ते माकड! आजचे माकड माणूस होते, असे डार्विनने कधीच म्हटले नाही. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलतभाऊ आहे. दोघांचा सामाईक पूर्वज साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. पुरावा हवा तर बकरीदच्या बकऱ्याकडे पाहा. त्याला लिंबू-आवळा लागत नाही. 'क' जीवनसत्त्व त्याचे शरीरच तयार करते. आपल्याही पेशींत त्या कामाचे जनुक आहे, पण मोडलेले. चिंपांझीतही ते आहे आणि तसेच मोडलेले आहे. दोन मुलांच्या पेपरात तीच चूक, त्याच ओळीत, तशीच सापडली तर मास्तर काय समजतात?

कुणी म्हणेल, याने आपल्या पोटापाण्याला काय फरक पडतो? आमच्या गल्लीत एक यंत्रमाग कामगार होता. क्षय झाला. दोन महिन्यांत ताप गेला, वजन वाढले, त्याने गोळ्या बंद केल्या. रोजंदारी बुडत होती, रांगेत उभे राहायला वेळ कुठला? वर्षभरात रोग परतला तेव्हा त्याच गोळ्या चालेनात. "जिस्म को आदत पड गई," असे त्याची आई म्हणे. सवय त्याच्या शरीराला नव्हती लागली. बदल झाला होता तो त्याच्या फुप्फुसातल्या जंतूंच्या वंशात.

क्षयाच्या रोग्याच्या फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू साधारण दहा लाखांत एक आपोआप निपजतो, रिफाम्पिसिनला दाद न देणारा दहा कोटींत एक. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि मैदान त्या एकाच्या पोरांना मोकळे होते. १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधल्या नुसत्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच घडले. सुधारलेले रोगी पुन्हा ढासळले. दोन्हींना पुरून उरणारा जंतू निपजण्याची शक्यता एकावर चौदा शून्यांत एक, म्हणून तीन-चार औषधे एकदम आणि सहा महिने. हा हिशेब उत्क्रांतीचा आहे. तो ज्याला समजला, तो ताप गेला म्हणून गोळ्या टाकणार नाही. आमच्या गल्लीतला तो भाऊ वाचला नाही.

तेच स्ट्रेप्टोमायसिन आपल्या जिल्ह्यात डाळिंबावर तेल्या रोगासाठी फवारले गेले. अमेरिकेतल्या नासपतीच्या बागांत १९७० च्या दशकातच जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. त्यात आपला भगवा डाळिंब गुटी कलमाने वाढवलेला, म्हणजे बागेतली सगळी झाडे जणू एकाच झाडाच्या फांद्या. एकाला रोग भारी पडला की सगळ्यांना पडतो, कारण निवड करायला फरकच शिल्लक नाही. २००५ पासून केगावात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना डार्विन खोटा मानून एक दिवसही काम करता येणार नाही.

आता आपल्यातला दुसरा पंथ. हे लोक डार्विनला शिव्या देत नाहीत. "हे तर आमच्याकडे हजार वर्षांपूर्वीच होते," म्हणून छाती फुगवतात. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने प्राण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, चौदाव्या शतकात इब्न खल्दूनने खनिज, वनस्पती, प्राणी, वानर, माणूस अशी चढती साखळी मांडली. मला त्यांचा अभिमान आहे. पण इब्न खल्दूनची ती शिडी होती, डार्विनचे झाड आहे. शिडीवर माणूस सर्वात वरच्या पायरीवर उभा असतो. झाडावर तो एका फांदीच्या टोकाला असतो आणि शेजारच्या फांदीवर डाळिंबही असते. जाहिजचे मोठेपण त्याच्या पाहण्यात होते. मुंगी, कुत्रा, कबुतर यांच्याकडे त्याने डोळे उघडून पाहिले. आपण त्याचे नाव घेतो आणि डोळे मिटतो.

ईमानाचे काय, असे विचाराल. पाऊस कसा पडतो हे भूगोलात शिकलो म्हणून कुणाची नमाज सुटल्याचे मी पाहिले नाही. मुलांसमोर 'दीन की डार्विन' असा सौदा आपणच मांडतो. मग एखादा हुशार मुलगा दुसरी बाजू निवडतो तेव्हा रडतोही आपणच.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात २०१८ साली आलेल्या दुसऱ्या भागाच्या पुस्तकाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. माझ्या भाचीच्या शाळेत तो वर्गात शिकवलाच गेला नाही. सरांनी प्रश्नोत्तरे लिहून दिली आणि पुढे गेले. तिचे पुस्तक मी चाळले. धड्याच्या मथळ्याखाली पेन्सिलीने, तिच्या सुबक अक्षरात लिहिले होते, 'फक्त परीक्षेसाठी'.