क्रूझवर चाला, धावू नका

कार्टर रोडवर रोज पहाटे भराभर चालणारी आमची वांद्र्याची मंडळी गोव्याच्या क्रूझवर गेली, की दोन-तीन दिवस बुफेभोवतीच फिरतात. आठवड्याला १५० मिनिटे चालावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बंदरावरच राहतो. मधुमेह मात्र सोबत येतो.

जेवणानंतर पंधरा मिनिटे डेकवर चाला. स्नायू रक्तातली साखर वापरतात, ती एकदम चढत नाही. पन्नाशीनंतर धावणे टाळा. पहाटे डेक दवाने निसरडा असतो, जहाज डोलते. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेसाठी किनाराच गाठावा लागतो. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येते, तेव्हा तर नकोच. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखरेची पुडी ठेवावी. बुफेवरची तेवढी एक गोष्ट जरूर उचला.