व्याकरण, तर्क, वक्तृत्व आणि शाळेच्या दाराबाहेरचे मूल

अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील मॉस्को या छोट्या नगरात १९८१ साली लोगोस स्कूल ही खाजगी ख्रिस्ती शाळा सुरू झाली. तेथे वसतिगृह नाही, मुले शिकून घरी परततात. मुलांना घडविण्याचे दायित्व मुळात आईवडिलांचे असून शाळा त्यांच्या वतीने काम करते, ही या शाळांची भूमिका आहे. पुढे १९९०च्या दशकात अशा शाळांचा संघ स्थापन झाला आणि अभिजात ख्रिस्ती शिक्षणाची एक चळवळच उभी राहिली. आज ही चळवळ अमेरिकेतील सार्वजनिक पैशाच्या वादातही ओढली गेली आहे. त्या वादाकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या शिक्षणाची मांडणी मध्ययुगीन युरोपातील 'ट्रिव्हियम'वर, म्हणजे व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या त्रयीवर आधारलेली आहे. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात या त्रयीची सांगड मुलाच्या वाढत्या वयाशी घातली. लहान मुलाला पाठांतराची गोडी असते, त्या वयात भाषा, सनावळ्या, पाढे पक्के करावेत. बारा-तेराव्या वर्षी ते प्रत्येक गोष्टीवर वाद घालू लागते, तेव्हा त्याला वाद घालण्याची शिस्त, म्हणजे तर्कशास्त्र द्यावे. पुढे त्याला स्वतःचे काही सांगावेसे वाटते, तेव्हा ते नेटकेपणाने मांडण्याची कला शिकवावी. या जोडीला लॅटिन भाषा, जुने थोर ग्रंथ आणि पवित्र शास्त्र असते.

कॅथॉलिक वाचकांना यात परके असे काही वाटू नये. येशूसंघीयांनी १५९९ साली निश्चित केलेली 'रात्सिओ स्तुदिओरुम' ही शिक्षणसंहिता याच कुळातील होती. मेरीलँड राज्यातील हायट्सव्हिल येथील सेंट जेरोम ही धर्मग्रामाची शाळा पटसंख्या घटल्याने बंद पडण्याच्या बेतात होती. २०१० साली तिने अभिजात अभ्यासक्रम स्वीकारला आणि ती सावरली. अभ्यासाचा कस वाढविला तर पालक पाठ फिरवितात, हा समज तेथे तरी खोटा ठरला.

मात्र नाण्याला दुसरी बाजू आहे. लोगोस स्कूलच्या संस्थापकांपैकी एक, पाळक डग्लस विल्सन यांनी १९९६ साली सहलेखकासह लिहिलेल्या पुस्तिकेत अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलामगिरीचे सौम्य चित्र रंगविले आणि त्यावर तीव्र टीका झाली. एका व्यक्तीच्या लिखाणाचे ओझे साऱ्या शाळांवर लादणे न्याय्य नाही. तरीही 'अभिजात' म्हणजे केवळ युरोपचा वारसा, आणि 'ख्रिस्ती' म्हणजे जगापासून तटबंदी, असा अर्थ कोणी घेऊ लागला तर सावध व्हावयास हवे.

खरा पेच पैशाचा आहे. खाजगी शाळा मुख्यतः पालकांच्या फीवर चालतात. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्सन विरुद्ध मेकिन या खटल्यात, खाजगी शाळांच्या फीसाठी राज्य मदत देत असेल तर केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा त्यातून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी ॲरिझोना राज्याने अशी मदत सर्व विद्यार्थ्यांना खुली केली. टेक्सासने २०२५ साली याच कारणासाठी एक अब्ज डॉलरची योजना मंजूर केली. समर्थक म्हणतात की आता गरिबालाही शाळा निवडता येईल. विरोधक म्हणतात की निवड अखेर शाळेच्याच हाती राहते, कारण मदत मिळाली तरी कोणाला प्रवेश द्यावा हे शाळा ठरविते. आमच्या मते, पालकांचा हक्क मान्य करूनही विरोधकांचा हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

हाच प्रश्न आपल्या अंगणातही उभा आहे. संविधानाच्या कलम ३०ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाविषयीच शंका व्यक्त करून तो फेरविचारार्थ सरन्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. कायद्याने सक्ती केली नाही तर गरिबाच्या मुलासाठी आपण आपणहून किती जागा ठेवू, याचे उत्तर न्यायालयाने देण्याची वाट आपण का पाहावी? द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या शिक्षणविषयक जाहीरनाम्याने ख्रिस्तसभेला गरिबांकडे, कुटुंबाच्या मायेला पारखे झालेल्यांकडे आणि श्रद्धेच्या दानापासून दूर असलेल्यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे. आपल्या शाळांच्या बाकांवर अन्य धर्मीय मुले बसतात, ही तडजोड नसून त्या आदेशाचे पालन आहे.

मग या चळवळीतून आपण घ्यावे तरी काय? लॅटिनची नक्कल निश्चितच नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे युरोपीय विद्येत मुरलेले इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत प्रसिद्ध झाले. अभिजात शिक्षणाने त्यांना लोकांच्या भाषेपासून तोडले नाही, उलट तिच्याशी जोडले. आज आपलेच पालक मराठी शाळांकडे पाठ फिरवीत आहेत आणि इंग्रजी माध्यम म्हणजेच उत्तम शिक्षण असे समीकरण रूढ होत आहे. पण ज्या मुलाला कोणत्याच भाषेत एक परिच्छेद नीट वाचता, त्यातील चूक ओळखता आणि आपले मत सभ्यपणे मांडता येत नाही, त्याला माध्यम बदलून काय लाभणार?

व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व शिकविण्यास उंच इमारत लागत नाही. वाचणारा शिक्षक, भरलेले ग्रंथालय आणि प्रश्न विचारण्याची मोकळीक लागते. आपल्या शाळा-व्यवस्थापनांनी पुढील वर्षाचे अंदाजपत्रक आखताना या तीन गोष्टींसाठी किती तरतूद केली आहे आणि फी भरू न शकणाऱ्या किती मुलांसाठी दार उघडे ठेवले आहे, हे दोन आकडे पालकसभेत जाहीर करावेत, अशी आमची विनंती आहे. शाळा ख्रिस्ती आहे की नाही, हे प्रवेशद्वारावरील क्रुसाइतकेच या दोन आकड्यांवरूनही कळते.