टेबलावरचे पानिपत

पानिपतावर मत नसलेला मराठी माणूस विरळाच. ‘भाऊंनी गनिमी काव्यानेच लढायला हवे होते,’ हे तर घरोघरचे वाक्य! आम्ही सहा मित्रांनी १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस टेबलावर मांडला. बोटभर उंचीचे शेकडो सैनिक, फासे, मोजपट्टी. भाऊसाहेबांची बाजू माझ्याकडे आली. गारद्यांच्या तोफांनी रोहिल्यांची फळी फोडली. पण आमच्या नियमांत उपासमारीचाही फासा आहे. दर फेरीला माणसे-घोडी थकत गेली. शिवाय छावणीत हजारो यात्रेकरू, बायकामुले. त्यांना सोडून गनिमी कावा कसा खेळायचा? वाचताना शहाणपण स्वस्त असते, खेळताना त्याची किंमत कळते. पराभूतांना दोष द्यायला शिकवण्याआधी मुलांना एकदा त्यांच्या जागी बसवावे.