सगळ्या टेस्ट पास, हवा नापास

"सॉफ्टवेअर सगळ्या टेस्ट पास झालंय" असं कुणी म्हटलं की मला २०१५ चं फोक्सवॅगन आठवतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्या! इंजिन कंट्रोलचं सॉफ्टवेअर स्टिअरिंग, वेग, हवेचा दाब बघून ओळखायचं की परीक्षा चाललीय. लॅबमध्ये गाडी गुणी बाळ. अमेरिकेतल्या रस्त्यांवर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत.

आता सांगतात, मॉडेल-बेस्ड टेस्टिंग करतो. चांगलंच आहे. इंजिनाचं गणिती मॉडेल कॉम्प्युटरवर चालवून हजारो प्रसंग तपासता येतात. पण त्यातून कळतं एवढंच, की कोड मॉडेलप्रमाणे वागतोय. मॉडेलमध्येच लबाडी असेल तर? तीही बिनचूक पास होणार!

ते बिंग फुटायला सुरुवात झाली वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांमुळे. त्यांनी गाडीला यंत्र बांधून ती रस्त्यावर पळवली. आपल्याकडे रस्त्यावरची चाचणी बंधनकारक झाली एप्रिल २०२३ पासून, बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात. मग प्रत्येक गाडीचे ते आकडे लोकांसमोर ठेवा ना!

पोरानं स्वतःचा पेपर स्वतःच तपासलेला दहावीला चालत नाही. मग आमच्या फुप्फुसांनी तो का चालवून घ्यायचा?